गेम सर्व्हर टीमक्समध्ये सोडायचा की सिस्टमडीच्या ताब्यात द्यायचा?

कोथरूड_क्राफ्टर
मंडळी, माझं मत स्पष्ट आहे. ज्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर आपल्याशिवाय दुसरी पोरंही खेळतात तो एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन होऊन) टीमक्समध्ये, म्हणजे आपण निघून गेलो तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, सुरू करून सोडून देणं बंद करा. त्यापेक्षा सिस्टमडीला द्या, लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणारा आणि पडले तर उठवणारा तोच. आमचा सर्व्हर घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर आहे, उबुंटू टाकलेलं. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, हे पुण्यात कुणाला नवीन नाही, यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि मग मशीन बंद. लाईट आली की बायोसच्या सेटिंगमुळे मशीन आपोआप उठतं, टीमक्स मात्र उठत नाही, मग ग्रुपवर 'दादा सर्व्हर चालू कर ना' आणि दादा तेव्हा हिंजवडीत मीटिंगमध्ये अडकलेला.

सर्व्हर कसा चालवायचा ते सिस्टमडीला सांगणारी सर्व्हिस फाईल पंधरा-वीस ओळींची असते हो. वेगळा युजर, वर्किंग डिरेक्टरी, जावाचा पूर्ण पाथ, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (पडला तर परत उठव), आणि खाली इन्स्टॉलच्या भागात मल्टी-युजर टार्गेट (मशीन बूट झालं की सुरू कर). मग डीमन-रीलोड (सिस्टमडीला नवी फाईल वाचायला लावणं) करून एनेबल करायचं, झालं. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनने २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून सिस्टमडी डिफॉल्ट केलंय, म्हणजे वेगळं काही इन्स्टॉलही करायचं नाही.

नऱ्हेवाला
नाही पटलं राव. माइनक्राफ्ट म्हणजे वेबसर्व्हर नाही, त्याच्या कन्सोलवर बसून काम करावं लागतं. कुणाला व्हाइटलिस्टमध्ये घ्यायचं, कुणाला किक करायचं, बॅकअपच्या आधी सेव्ह-ऑल, हे सगळं मी तिथेच टाईप करतो. सिस्टमडीखाली घातलं की इनपुट डेव्ह-नलला, म्हणजे रिकाम्या टोकाला, जोडला जातो, सिस्टमडीचे लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये लॉग पळताना दिसतो पण एक अक्षर टाईप करता येत नाही. मग म्हणणार आरकॉन, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला कमांड द्यायची सोय, चालू कर. त्याचा पासवर्ड सर्व्हर-प्रॉपर्टीज फाईलमध्ये उघडा पडलेला आणि ट्रॅफिकला एन्क्रिप्शन नाही, म्हणजे आधी साधं चाललेलं काढून टाकायचं आणि त्याजागी नवीन भोक पाडायचं. रीबूटचं म्हणाल तर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, क्रॉनटॅबमध्ये, ॲट-रीबूटची एक ओळ टाकली की टीमक्सपण उठतो.

पेठेतला_ॲडमिन
@नऱ्हेवाला भावा, क्रॉनची ती ओळ फक्त मशीन बूट झाल्यावर चालते. रात्री दोनला मेमरी संपली आणि कर्नलने जावा मारला तर क्रॉनला काय कळणार? सिस्टमडीला कळतं, तो परत उठवतो.

आरकॉनबद्दल तुझं अर्धं बरोबर आहे. त्याला वेगळा बाइंड ॲड्रेस देता येत नाही, सर्व्हर-आयपी रिकामा असेल तर तो सगळ्याच इंटरफेसवर ऐकतो. म्हणून राउटरवर फक्त खेळाचा पोर्ट २५५६५ फॉरवर्ड करायचा, आरकॉनचा २५५७५ अजिबात नाही, आणि वरून फायरवॉलमध्येही बंद. आरकॉन नकोच असेल तर सोबत एक सॉकेट युनिट लिही, त्यात नेम्ड पाईप (फाईलसारखी दिसणारी, एका बाजूने लिहिलेलं दुसरीकडे पोचवणारी नळी) द्यायचा आणि सर्व्हिसचा इनपुट त्या सॉकेटवरून घ्यायचा, मग तुझं सेव्ह-ऑल एको करून पाईपमध्ये ढकललं की पोचतं. नेटवर्कचा संबंधच नाही.

आणि वेगळ्या युजरची गोष्ट हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं लॉग-फोर-शेल नावाचं भोक समोर आलं तेव्हा चॅटमध्ये एक ओळ टाईप करून समोरच्या सर्व्हरवर कोड चालवता येत होता, माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगला १.१८.१ आवृत्ती काढावी लागली. तेव्हा ज्यांचा सर्व्हर स्वतःच्याच लॉगिनखाली चालू होता त्यांच्या एसएसएच कीज, फोटो, सगळंच त्याच युजरच्या हाताशी होतं.

हडपसरची_मॉडवाली
मी सर्व्हिसवालीच आहे पण वर जे 'डीमन-रीलोड, एनेबल, झालं' लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. झालं नाही हो दादा! एक म्हणजे स्टॉप केल्यावर सिस्टमडी सिगटर्म ('आवरून बंद हो' असा सिग्नल) पाठवतो, साधारण ९० सेकंद वाट बघतो आणि तरी थांबला नाही तर सरळ सिगकिल, म्हणजे जागच्या जागी मारून टाकतो. मोठा मॉडपॅक (खेळात भर घालणाऱ्या मॉडचा संच), मोठं वर्ल्ड आणि जुनी हार्डडिस्क असेल तर सेव्ह अर्धवट राहू शकतो, त्यामुळे टाइमआउट वाढवायलाच हवा. दुसरं, सिगटर्मवर नीट सेव्ह करून बंद झालेला जावासुद्धा १४३ कोड देतो, सिस्टमडी त्याला फेल्ड म्हणून लाल करून दाखवतो, म्हणून १४३ हा यशस्वी एक्झिट आहे असं फाईलमध्ये लिहायचं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू झाला की सिस्टमडी हात टेकतो, ही डिफॉल्ट मर्यादा. पण दोन मॉड भांडले की माइनक्राफ्ट चाळीस सेकंद लोड होऊन मग पडतो, म्हणजे ती मर्यादा कधी लागतच नाही आणि रात्रभर उठ-पड चालू, क्रॅश रिपोर्टचा ढीग. मर्यादेची मुदत दहा मिनिटं करा आणि बर्स्ट (तेवढ्या वेळात किती वेळा सुरू होऊ द्यायचं) तीन. ती ओळ फाईलच्या युनिट नावाच्या भागात जाते, सर्व्हिसच्या नाही.

कोथरूड_क्राफ्टर
@हडपसरची_मॉडवाली ताई, हे तिन्ही घेतो फाईलमध्ये. यात एक जोडतो, मेमरीमॅक्स (सर्व्हिसने जास्तीत जास्त किती मेमरी घ्यायची ती सिस्टमडीची मर्यादा) लावत असाल तर तो एक्सएमएक्सच्या, म्हणजे जावाच्या हीपला (मुख्य मेमरीला) दिलेल्या मर्यादेच्या, आकड्याइतकाच ठेवू नका, जावा हीपच्या बाहेरही बरीच मेमरी खातो, सिस्टमडीच सर्व्हरचा गळा दाबेल. पण या सगळ्यावरून माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. टाइमआउट, मर्यादा, मेमरी, हे ठरवायला एक जागा तरी आहे, टीमक्समध्ये ती जागाच नाही.

नऱ्हेवाला
जागा आहे, पण ती भरणारा कोण? होस्टेलवरचा फर्स्ट इयरचा पोरगा व्हिडिओ बघून फाईल उचलतो, त्यात युजरची ओळ नसते, आणि ती ओळ नसेल तर सर्व्हिस रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालते. लॉग-फोर-शेलचं उदाहरण तुम्हीच दिलंत ना, मग आता सांगा टीमक्समध्ये आपल्या साध्या लॉगिनखाली चालवणारा जास्त धोक्यात की हा? शिकणाऱ्याने आधी कन्सोलसमोर बसून सर्व्हर कसा पडतो ते बघावं, मगच सर्व्हिस. मी जास्तीत जास्त सिस्टमडीतून टीमक्स सुरू करेन, आणि सर्व्हिस थांबवताना टीमक्सच्या सेंड-कीज कमांडने (ती कन्सोलमध्ये कळा दाबते) 'स्टॉप' टाईप करायला लावेन. कन्सोलही राहिला, रीबूटही सुटला.

पेठेतला_ॲडमिन
रूटचं म्हणणं शंभर टक्के मान्य, युजरची ओळ नसलेली फाईल कुणाला पाठवूच नये. पण सेंड-कीज कळा दाबून लगेच परत येतो, सिस्टमडीला वाटतं स्टॉपची कमांड संपली आणि तो उरलेल्या सगळ्यांना त्याच क्षणी सिगटर्म देतो. सर्व्हरची प्रोसेस जाईपर्यंत थांबणारा छोटा लूप त्याच स्क्रिप्टमध्ये लिही. तेवढं केलंस तर तुझी पद्धत मी आमच्या मशीनवरही चालवून बघायला तयार आहे.