मदत हवी आहे: दीपमाळ सरळ ठेवून फ्रेम कशी भरावी?

मंडळी, जेजुरी गडावरच्या दीपमाळांची चौकट जमवायची आहे. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १६ मिमी वाइड लेन्स, कॅमेरा उभा धरून. कॅमेरा वर झुकवला की दीपमाळ मागे कलंडल्यासारखी दिसते, कारण सेन्सर आणि दीपमाळ समांतर राहत नाहीत. लेन्सला उगाच दोष द्यायला नको.

कॅमेरा न झुकवता लेव्हलवर धरला तर दीपमाळ सरळ येते, पण डोळ्याची रेषा बरोबर मधोमध येते. दहा मीटरवरून साधारण पावणेनऊ मीटर उंचीपर्यंतचंच मावतं, आणि खालच्या अर्ध्या भागात नुसती फरसबंदी. गर्दीत आणखी मागे सरकायला जागा नसते. एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ केल्या तर वरच्या कडा कापल्या जातात, टोकाला आधीच मोकळं आकाश सोडावं लागतं. शिवाय दीपमाळेच्याच कडा उभ्या करायला गेलं तर तिचा मुळातला निमुळतेपणाही बिघडतो.

तर विचारायचं हे: खालची फरसबंदी कापून टाकावी, की खाली बसून उधळलेला भंडारा फोरग्राउंडला घ्यावा? तसं केलं तर एफ/८ अ‍ॅपर्चरला फोकस किती अंतरावर ठेवता? आणि एकटी दीपमाळ मधोमध बरी, की चौकटीच्या एक-तृतीयांशावर घेऊन उरलेल्या जागेत मंदिराचं शिखर?