भाड्याच्या नव्या गाडीत स्टेपनी नसल्याबद्दल

आपण लिहिले आहे की पाच वर्षांच्या लीजवर घेतलेल्या गाडीत, माहितीपत्रकात दाखवलेली असूनही, स्टेपनी निघाली नाही आणि तिच्या जागी पंक्चर किट मिळाले. इथे उत्तर देणाऱ्या काही सदस्यांनी ही गाडी बेकायदेशीर असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असल्यास स्टेपनी न देण्याची मुभा 2020 च्या नियमदुरुस्तीने मिळाली आहे. त्यामुळे आपला मुद्दा कबूल केलेली वस्तू न मिळण्याचाच ठेवावा.

लीजमध्ये गाडीचे बिल सहसा लीज कंपनीच्या नावावर असते, म्हणून शोरूममध्ये वाद घालण्यापूर्वी माहितीपत्रक, व्हेरियंटचे नाव असलेला करार आणि डिलिव्हरीची पावती जोडून लीज कंपनीलाच लेखी कळवावे व शोरूमला प्रत द्यावी. स्वखर्चाने चाक घ्यायचे झाल्यास आधी लेखी परवानगी घ्या, आणि गाडी परत करताना ते कोणाचे राहील हेही त्यातच लिहून घ्या.

तडजोड म्हणून पैसे देऊ केले तरी आपल्या भागातले रस्ते पाहता मी चाकच मागेन. बाभळीच्या काट्याचे छिद्र किटने बुजते, पण गिट्टीने टायरची बाजू फाटली तर किटमधले द्रव्य निरुपयोगी ठरते, आणि मेळघाटातल्या परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोहच्या जंगलात मदतीची गाडी बोलवायला मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खासगी वापराची गाडी असल्यास आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येईल.