स्टेन्सिल डुप्लिकेटरवर दुरंगी छपाई: दोष यंत्राचा की फाइलींचा?

प्रिंटमेकिंग_सहायक:
परीक्षा विभागात प्रश्नपत्रिका छापणारे डिजिटल स्टेन्सिल डुप्लिकेटर आता विद्यापीठाच्या ललित कला विभागाकडे आले आहे. काळ्या शाईच्या जुन्या ड्रमसोबत आम्ही लाल शाईचा एक ड्रम घेतला असून, विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत दुरंगी चित्रपुस्तिका छापण्याचा विचार आहे. मात्र चाचणीत लाल भरीव भाग छापताना कागद ड्रमला चिकटतो, त्यावर काळा छापताना रबरी रुळांचे डाग उमटतात आणि दोन्ही रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. यंत्र दुरुस्तीला द्यावे का?

मॅपलिथो:
दुरुस्तीपूर्वी फाइली तपासाव्यात. या यंत्रात थर्मल हेड हा तापणारा भाग मास्टरच्या, म्हणजे स्टेन्सिलच्या, पातळ पापुद्र्याला सूक्ष्म छिद्रे पाडतो, तो मास्टर ड्रमभोवती गुंडाळला जातो आणि ड्रमच्या आतील शाई त्या छिद्रांतून कागदावर दाबली जाते. झेरॉक्सप्रमाणे येथे उष्णतेने काहीही पक्के होत नाही. तेल आणि पाण्याचे मिश्रण असलेली ही शाई कागदात मुरते, एवढेच तिचे वाळणे. त्यामुळे गुळगुळीत आर्ट पेपर बाद करावा आणि मॅपलिथोसारखा शाई शोषणारा कागद घ्यावा. शंभर टक्के भरीव लाल भाग सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणल्यास चिकटणे बरेच कमी होईल. फिकट रंग आधी छापून गठ्ठा रात्रभर ठेवावा आणि मगच काळा चढवावा.

रंग सरकण्याबाबत मात्र यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये. कागद रबरी रुळांच्या घर्षणाने आत ओढला जात असल्याने मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो प्रत्येक प्रतीत सारखाही नसतो. काळ्या आकृतीखाली लाल रंगात तंतोतंत पांढरी जागा सोडण्याचा मोह विद्यार्थी हमखास करतात, आणि कडेला दिसणारी पांढरी फट तिथूनच येते. लाल खाली तसाच राहू द्यावा आणि काळा त्यावर छापावा. पावसाळ्यात रीम आयत्या वेळी फोडावी, कारण दमट हवेने वाकलेला कागद नीट ओढला जात नाही.

जुनी_सायक्लोस्टाईल:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, तरी एक शंका मांडतो. प्रत्येक विद्यार्थ्याला दहाच प्रती हव्या असतील, तर सिल्क स्क्रीन, म्हणजे जाळीतून हाताने शाई दाबून केलेली छपाई, अधिक नेमकी पडेल. येथे दहा प्रतींना लागणारा मास्टर पाचशे प्रतींनाही तेवढाच लागतो. स्टेन्सिलची खरी ताकद भरपूर प्रतींत आहे. टंकलिखित स्टेन्सिलवर, म्हणजे सायक्लोस्टाईलवर, मराठीतील काही अनियतकालिके निघाली ती याच कारणाने. एका ए३ मास्टरवर पुस्तिकेची चार पाने लावून घेतल्यास खर्च आटोक्यात येईल.

प्रिंटमेकिंग_सहायक:
आभार. प्रती शंभराच्या पुढे ठेवू. लाल भागाची फाइल लाल रंगातच द्यावी का?

मॅपलिथो:
नाही. यंत्राला रंग कळत नाही, तो ड्रम ठरवतो. प्रत्येक रंगासाठी करड्या छटांतील स्वतंत्र फाइल करावी, दोन्हींचे माप आणि जुळणीच्या खुणा एकाच जागी ठेवाव्यात, आणि चित्र कागदाच्या कडेपर्यंत हवे असल्यास मोठ्या कागदावर छापून मग कापावे. समोरासमोरच्या पानांवर दाट काळा टाळावा. ही शाई अनेक दिवसांनीही बोटाला लागते.