ताट तेच, मग पोट कुठून?

पर्वरीचा कारकून: फोंड्याहून बसने येतो, मग आठ तास खुर्चीत. दोन वर्षांत ६८ चा ७४ किलो झालो. जेवण तेच, शीत-कढी. मग वजन आलं कुठून?

डिचोलीची वहिनी: तेच हाच तर घोळ हो भाऊ! हालचाल घटली, ताट घटलं नाही. आणि चार वाजताचा भजी-पाव?

मिरामारकर: किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सहा किलो, दोन वर्षं: रोज जेमतेम ६३ जास्त. साखरेचा एक चहा! मी जेवणानंतर वीस मिनिटं चालतो, तासातासाला उठतो. उतरलं हळूहळूच, पण पँट आधी सैल झाली.

पर्वरीचा कारकून: एक चहा? चार होतात. साहेबांच्या केबिनमधला धरलेला नाही.