ऑल्ट कोड पाठ करायचे की कळफलकच बदलायचा?

कळसूत्री
फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन नावं रोमन लिपीत लिहिताना अक्षरांवरच्या रेघा-टिंबं सर्रास गाळली जातात. यावर ठरलेला सल्ला म्हणजे ऑल्ट कोडचा (ऑल्ट दाबून धरून आकडे देत अक्षर उमटवायचे, त्या आकड्यांचा) तक्ता छापून समोर चिकटवा. माझ्या मते तो आता मोडीत काढावा. विंडोजमध्ये ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ ही कळफलकाची मांडणी जोडून घ्या: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, इंग्रजीसमोरची तीन टिंबं, लँग्वेज ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. मग एकेरी अवतरणाची कळ आणि पाठोपाठ ई दाबलं की उजवीकडे चढणारी रेघ डोक्यावर घेतलेला ई (é) येतो. टिल्ड (~) आणि एन दाबलं की स्पॅनिश एन (ñ), दुहेरी अवतरण आणि यू दाबलं की जर्मन उमलाउट (ü). चिन्ह जसं दिसतं तशीच कळ, त्यामुळे पाठ करायला फारसं उरतच नाही.

शून्य_दोनशेतेहतीस
असहमत. कुलूपबंद ऑफिस मशीनवर किंवा दुसऱ्याच्या संगणकावर मांडणी जोडता येईलच असं नाही. ऑल्ट ०२३३ मात्र काहीही न जोडता चालतं. लोक अडखळतात ते सुरुवातीच्या शून्यापाशी. शून्यासकट दिलेला आकडा विंडोज-१२५२ या तक्त्यातून वाचला जातो, शून्याविना दिलेला विंडोजपूर्वीच्या, डॉसच्या काळातल्या तक्त्यातून. म्हणून तोच ई ०२३३ नेही येतो आणि १३० नेही. पण नुसतं २३३ दाबलंत तर अमेरिकी इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर ग्रीक थीटा उमटतो. आणि आकडे उजवीकडच्या नंबर पॅडवरचेच हवेत, नम लॉक चालू ठेवून. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी काही होत नाही.

कळसूत्री
@शून्य_दोनशेतेहतीस, नंबर पॅडच नसलेले लॅपटॉप ढिगाने आहेत, त्यांचं काय? शिवाय २५५ च्या पुढे गेलात की भरवसा संपतो. युरोसाठी ८३६४ वर्डमध्ये चालतं. जुन्या नोटपॅडसारख्या ठिकाणी त्या आकड्याला २५६ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे १७२ घेतली जाते आणि € ऐवजी ¼ पडतो. बिलात असं झालं तर बघायलाच नको!

शून्य_दोनशेतेहतीस
युरोला ०१२८ आहे की. तुमचं उदाहरण सोयीचं निवडलेलं आहे.

अर्धविराम
कोड लिहिणाऱ्यांच्या बाजूने बोलतो: कळसूत्रींनी सुचवलेली मांडणी प्रोग्रॅमिंगला तापदायक आहे. अवतरणाची कळ ‘मृत’ होते, म्हणजे पुढची कळ येईपर्यंत पडद्यावर काही उमटत नाही. स्ट्रिंग, म्हणजे कोडमधला अवतरणांतला मजकूर, स्वराने सुरू होत असेल तर अवतरण गायब आणि स्वरावर रेघ. दर वेळी अवतरणानंतर स्पेस द्यायची, हाच उपाय. त्यात उजवा ऑल्ट तिथे कंट्रोल-ऑल्ट या जोडीसारखा वागतो, त्यामुळे काही शॉर्टकट आपसांत भिडतात. त्या उजव्या ऑल्टचा फायदाही आहे, नाकारत नाही: उजवा ऑल्ट आणि ई एकत्र दाबले की तोच ई थेट मिळतो, ५ सोबत €. पण मृत कळा तशाच राहतात. लिनक्सवर मृत कळा फक्त उजव्या ऑल्टमागे ठेवणारा प्रकार तयार मिळतो. विंडोजवर तसा हवा तर मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटरमध्ये स्वतः घडवावा लागतो.

माझं मत कम्पोज कळीला, म्हणजे पुढच्या कळा जोडून एक चिन्ह घडवणाऱ्या कळीला. कल्पना जुनी आहे, डेक या संगणक कंपनीच्या १९८३ च्या टर्मिनलवर ही कळ होती. कम्पोज, अवतरण, ई या तीन कळा एकामागून एक, काहीही दाबून धरायचं नाही. कम्पोज ओ ओ म्हणजे °, कम्पोज आणि तीन वेळा वजाचिन्ह म्हणजे —. लिनक्सवर कॅप्स लॉकला हे काम द्या (नाहीतरी ती कळ ओरडण्यापलीकडे कशाला लागते?), विंडोजवर विनकम्पोज हा प्रोग्रॅम बसवा. लिनक्सवर स्वतःचे कळसंच (कोणत्या कळांनी कोणतं चिन्ह) एक्सकम्पोज फाइलीत लिहिताना मूळ यादी ‘इन्क्लूड’ करणारी ओळ विसरलात तर आधीचे सगळे संच बंद पडतात.

मुद्रितशोधक
फक्त वर्डमध्येच काम असेल तर यातलं काहीच नको. कंट्रोल आणि अवतरण, मग ई. किंवा ००ई९ (रोमनमध्ये 00E9, é चा युनिकोड क्रमांक) लिहून ऑल्ट-एक्स. यात एक खड्डा आहे: कोडला चिकटून आधी ए ते एफ यांपैकी अक्षर असेल तर वर्ड तेही कोडचाच भाग धरतो. ‘कॅफे’ रोमनमध्ये लिहून बघा, सी, ए, एफ तिन्ही त्यात सापडतात! अशा वेळी फक्त कोड सिलेक्ट करून ऑल्ट-एक्स दाबायचं. मॅकवाल्यांना ऑप्शन-ई, मग ई. त्यांचा वाद इथे नाहीच.

आणि कळ कोणतीही वापरा, आत काय साठलं ते महत्त्वाचं. रेघवाला ई एका कोडचाही असतो (००ई९) आणि साधा ई अधिक त्याच्या डोक्यावर बसणारी सुटी रेघ (०३०१) असा दोन कोडचाही. दिसायला सारखे, पण साध्या शोधात एकाला दुसरा सापडत नाही. मराठीत ॲ आणि अॅ यांचं हेच दुखणं आहे. संशय आला तर वर्डमध्ये कर्सर अक्षराच्या लगेच उजवीकडे नेऊन ऑल्ट-एक्स दाबा. ०३०१ दिसलं तर तो जोडून केलेला. मग कंट्रोल-झेड दाबलं की अक्षर पूर्ववत.