मदत हवी आहे: १९२८च्या गिरणी संपात कोकणातली घरं कशी चालली?

पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनिऑर्डरची कुपनं (पैशांसोबत निरोप लिहायचा फॉर्मचा तुकडा) सापडली. एकावर शिसपेन्सिलीने फक्त 'बियाण्यास ठेवणे' एवढंच. पणजोबा परळच्या गिरणीत, पणजी रत्नागिरीकडे गावी. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी, त्यातूनही खोताचा (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा) वाटा जायचा. म्हणजे घर खरं तर मनिऑर्डरवरच. १९२८ साली संपामुळे मुंबईच्या गिरण्या एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने बंद होत्या. नेमके पेरणी-लावणीचे दिवस! तेव्हा तुमच्याकडचे चाकरमानी गावी परतले होते का? भात कुणाकडून उसनं आणलं, फेडलं कसं? आजी-पणजीकडून ऐकलेलं काहीही, जुनी वही-चिठ्ठी असेल तर कृपया सांगा. पणजोबांची निदान कुपनं तरी आहेत, पणजीचं काहीच लिहिलेलं नाही.