व्हिसाच्या रांगेत गरिबीच आड येते का?

वाटसरू:
शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) नाकारताना 'मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका' असं कारण देतात. रोखीत कमावणाऱ्यांना हे हमखास ऐकावं लागतं. नियमात गरीब-श्रीमंत असा भेद नाही, मग असं का? आणि नकारानंतर काय करायचं?

दस्तऐवज:
भेद नियमात नाही, मागितलेल्या पुराव्यांत आहे. इरादा मोजता येत नाही, म्हणून पगारपत्रक, घर, बँकेतली शिल्लक मोजतात. अमेरिकेच्या कायद्याचं कलम २१४(ब) तर पर्यटकालाही आधी स्थलांतरितच धरतं. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. शेंगेनचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, नकार आला तरी ते बुडतं.

अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी पैसे भरू नका. ते उसने वाटतात आणि अर्ज तिथेच पडतो. रोखीची कमाई काही महिने आधीपासून नियमित भरत जा, मोठी रक्कम असेल तर ती कुठून आली त्याचा कागद जोडा. नकारपत्रावर कुठल्या कारणापुढे खूण आहे ते बघा, अपिलाची माहितीही त्यावरच असते. तेच कागद पुन्हा दिलेत तर आणखी ९० युरो जातील.

उंबरठा:
खरी सीमा विमान कंपनीच्या काउंटरवर असते. योग्य कागद नसलेला प्रवासी आणला तर कंपनीला दंड होतो. युरोपीय संघाच्या २००१च्या निर्देशानुसार किमान दंड ठरवणाऱ्या देशाला तो माणशी ३,००० युरोंच्या खाली ठेवता येत नाही. त्यामुळे शंका आली की कर्मचारी चढूच देत नाहीत. १९५१च्या निर्वासित कराराचं ३१वं कलम धोक्यातून थेट आलेल्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा नको म्हणतं, पण त्यासाठी आधी पोचायला हवं ना! म्हणून माणसं तिकिटाच्या कितीतरी पट पैसे तस्कराच्या बोटीला देतात. मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

दुसरं टोक बघा. माल्टात ७.५ लाख युरो देणाऱ्याला वर्षभराच्या निवासावर, तोही बराचसा कागदोपत्री, नागरिकत्व मिळायचं. युरोपीय न्यायालयाने ही योजना एप्रिल २०२५मध्ये बेकायदा ठरवली.

वाटसरू:
तिकडच्या नातेवाइकाचं हमीपत्र चालेल?

दस्तऐवज:
राहण्या-खाण्याच्या खर्चापुरतं चालेल. परत याल की नाही ही शंका त्याने फिटत नाही. उलट तिकडे नातलग आहेत म्हणून ती वाढूही शकते. म्हणून सोबत इकडच्या कामाचे, शेतीचे, अवलंबून असलेल्या माणसांचे कागद द्या.